किंक्रांतीला जावई बर्फात

"जावयाला चौघं मिळून उचलतात, झुलवतात आणि खाली फेकून देतात."

"कुठं? महाराष्ट्र मंडळात?"

वहिनींचं हे असं असतं. भिंतीपलीकडे पाटावर बसून तिवऱ्याची भाजी निवडत होत्या, मान वर न करताच विचारलं. आमच्या रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या दोन घरांमधली ही भिंत जेमतेम कंबरेएवढी. तिच्यावरून वाटी जाते, वर्तमानपत्र जातं, आणि बातमी तर वाटीच्याही आधी पोचते.

"जपानात हो," मी म्हटलं. "तोकामाची म्हणून गाव आहे. दरवर्षी 15 जानेवारीला होतं हे. म्हणजे आपल्या किंक्रांतीच्याच दिवशी."

आता मात्र मान वर झाली. "किंक्रांतीला? अशुभच की! तुम्हाला कोणी सांगितलं?"

सांगणारी माझी भाची. पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकली आणि हल्ली कामानिमित्त निगाता प्रांतात असते. काल रात्री तिनं फोनवर सगळं चलच्चित्रासकट दाखवलं. गावाच्या मात्सुनोयामा भागात गरम पाण्याचे झरे आहेत. तिथल्या देवळाशेजारच्या उतारावर ताजा ताजा जावई आणून उभा करतात. गावातली तरणी पोरं त्याला हातापायांना धरून उचलतात आणि पाच मीटर खाली भिरकावतात. सोळा फूट झाले. खाली बर्फ असतो, भुसभुशीत, आणि बर्फातून त्याला बाहेर काढायला खाली बायको उभी.

"का पण? त्यानं केलं काय?"

"गावातली मुलगी पळवली ना. बाहेरच्या गावाहून आला आणि आमची चांगली पोर घेऊन चालला, हा राग. तीनशे वर्षांची रीत आहे म्हणतात."

वहिनींनी भाजीचा एक देठ मोडला. "आमच्या जावयाला पहिल्या संक्रांतीला हलव्याचा हार घातला, हातात हलव्याचा नारळ दिला, वर चांदीची वाटी. तो बंगलोरचा मुलगा, आईला हळूच विचारतोय, हा हार खायचा असतो का? तेव्हा मला ही जपानी रीत माहीत असती तर!"

"फेकणार कुठं? रायपुरात बर्फ कुठला आणणार?"

"कंकाली तलाव आहे की."

जावई फेकून झाला की तिथलं दुसरं प्रकरण सुरू होतं. नव्या वर्षाची तोरणं, गवताच्या पेंढ्या असं सगळं उभं रचून पेटवतात. ती राख बर्फात कालवायची आणि भेटेल त्याच्या तोंडाला फासायची. पाहुणा असो, नगराध्यक्ष असो, दूरदर्शनचा कॅमेरावाला असो, कोणाला सोडत नाहीत. वर्षभर आजार नको, धंदा चालो, असं म्हणत काळं फासतात. भाचीचा फोटो आलाय, ओळखू येत नाही. वहिनींनी तो मोठा करून पाहिला आणि म्हणाल्या, "आपल्या धुळवडीची राख यांच्याकडे जानेवारीत कशी पोचली?" आता याला काय उत्तर द्यायचं.

*

"गाव केवढं आहे?"

"गाव नाही, शहरच म्हणायचं. 2005 मध्ये आजूबाजूची चार गावं जोडून नवं केलंय. पसारा 590 चौरस किलोमीटर आणि माणसं सगळी मिळून पन्नास हजारांच्या आत-बाहेर. आपल्या रायपुरातले तीन-चार वॉर्ड एकत्र केले की झालं तोकामाची."

"मग उरलेल्या जागेत काय?"

"डोंगर, भातशेती आणि बर्फ."

बर्फ म्हटल्यावर आपल्याला सिमला आठवतं, नाहीतर शम्मी कपूर. तिथला बर्फ तसा नव्हे. हिवाळ्यात सायबेरियाहून कोरडा गार वारा सुटतो, जपानच्या समुद्रावरून येताना पाणी पिऊन घेतो आणि मधल्या डोंगररांगेवर आपटला की सगळं ओझं अलीकडेच टाकून देतो. महाबळेश्वर भिजतं आणि खाली वाई कोरडी राहते, तोच न्याय. त्यामुळे डोंगराच्या पलीकडे टोकियोत लख्ख ऊन आणि अलीकडे तोकामाचीत माणसाच्या डोक्यावर दोन हात बर्फ. तिथं जंगलखात्याचं एक संशोधन केंद्र आहे, ते शंभर वर्षांहून जास्त काळ बर्फ मोजतंय. त्यांच्या वहीतला उच्चांक 1945 च्या फेब्रुवारीतला, 425 सेंटिमीटर.

"फुटांत सांगा."

"चौदा फूट."

वहिनींनी आमच्या घराकडे पाहिलं, पत्र्याच्या पन्हाळीपर्यंत नजर नेली आणि परत खाली आणली. "म्हणजे दार उघडायचंच नाही."

वरच्या मजल्याच्या खिडकीतून ये-जा करायचे पूर्वी. नवी घरं बांधतात त्यांचा खालचा मजला नुसता सिमेंटचा, त्यात गाडी आणि फावडी, राहायचं वर. छपरावरचा बर्फ वेळच्या वेळी ओढून काढावा लागतो, नाहीतर घर बसतं. 1938 च्या 1 जानेवारीला तिथल्या एका थिएटरात नव्या वर्षाचा सिनेमा पाहायला गर्दी लोटली होती. वर बर्फ साचलेला. छत कोसळलं आणि 69 माणसं गेली. आजही कोणी छपरावर चढताना पडतं, कोणी ढिगाखाली सापडतं, आणि त्यात म्हातारी माणसंच जास्त, कारण चढायला घरात दुसरं कोणी उरलेलंच नाही. रस्त्यांवर मात्र सोय आहे. मधोमध बारीक नळ बसवलेत, त्यांतून जमिनीखालचं पाणी उडतं आणि बर्फ विरघळतो. त्या पाण्यातल्या लोखंडानं रस्ते तांबडे झालेत. भाचीला आधी वाटलं, गावभर पान खाऊन थुंकलेत.

"मग इथलीच वाटली असेल हो तिला," वहिनी म्हणाल्या.

आणि एवढं सोसून हे लोक बर्फाचीच जत्रा भरवतात. 1950 च्या फेब्रुवारीत पहिला बर्फोत्सव केला. सगळ्या जगाला साप्पोरोचा ठाऊक, तोही त्याच वर्षीचा. पण आमचा काही दिवस आधीचा, असं तोकामाचीवाले सांगत असतात. या बाबतीत ते अगदी आपल्यासारखे. पहिला गणपती कोणाचा, यावरून इथल्या दोन मंडळांत अजून बोलाचाली नाही.

*

वहिनींची भाजी निवडून झाली, पण उठायचं नाव नाही. त्यांना खरी गोष्ट हवी होती. बायका काय करायच्या? पाच महिने घराला बर्फाचा वेढा, शेत झाकलेलं, नवरे मजुरीला परगावी. बायका घरात बसून काय करायच्या?

विणायच्या. अंबाडीसारखं एक झाड असतं, त्याच्या सालीचा धागा काढायचा, नखानं चिरून चिरून केसासारखा बारीक करायचा, आणि कंबरेला पट्टा बांधून मागावर बसायचं. हा धागा कोरड्या हवेत तटकन तुटतो. बर्फाच्या दिवसांत हवा ओली असते म्हणून तुटत नाही. बर्फ नसता तर ते कापडच झालं नसतं. कापड झालं की फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात बर्फावर पसरायचं. तिथं ते पांढरंशुभ्र होतं. शेजारच्या शिओझावा, ओजिया या गावांकडे अजून थोडं होतं हे काम. 2009 मध्ये युनेस्कोनं त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातलं. तोकामाचीनं मात्र पुढं रेशीम धरलं. उन्हाळ्यात घालायचं झिरझिरीत, किंचित चुरमुडलेलं रेशीम इथलंच. 1960 च्या सुमाराला जपानात शाळेच्या पहिल्या दिवशी मुलाला पोचवायला जाणाऱ्या आया किमोनोवर एक काळा नक्षीचा अंगरखा घालायच्या, त्याचा धंदा या गावानं केला आणि पैसा पाहिला. मग बायका स्कर्ट घालायला लागल्या आणि माग थंडावले.

"आपल्या चांप्याच्या कोशासारखं," वहिनी म्हणाल्या. "माझ्या लग्नातला कोसा अजून आहे. सुनेला दिला तर म्हणते, आई, ड्राय क्लीनिंगचा खर्च किती येईल?"

त्या भागातल्या एका व्यापाऱ्यानं, सुझुकी बोकुशी त्याचं नाव, बर्फाच्या मुलखावर एक पुस्तक लिहून ठेवलंय. 1837 मध्ये छापलं. त्यात तो सांगतो की इकडे सून पाहताना आधी तिचं विणकाम बघतात, रूप नंतर. मी हे सांगितल्यावर वहिनी खूश होतील असं मला वाटलं होतं.

"त्यात कौतुक कसलं? म्हणजे सून नव्हे, मजूरच बघायचे. कापडाचे पैसे कोणाच्या हातात जायचे, ते लिहिलंय का त्यानं?"

मला पुढं बोलवेना. बाईनं भाजी निवडता निवडता दोनशे वर्षांच्या पुस्तकाला खिंडीत गाठलं.

पण विणकाम सुटलं तरी त्याची एक गोष्ट ताटात राहिली. मागावर चढवण्याआधी सुताला खळ लागते. आपल्याकडे तांदळाची, साबुदाण्याची. यांच्याकडे समुद्रातल्या एका शेवाळ्याची. ते शेवाळं उकळलं की चिकट होतं. घरात खळीचं पातेलं चुलीवर असायचंच. तर कोण्या हुशार बाईनं ते बकव्हीटच्या पिठात घातलं. बकव्हीट म्हणजे कुट्टू हो, उपासाला खातात ते. त्या पिठाच्या शेवया एरवी तुटतात, चिकटाई नसते. शेवाळ्यानं त्या गुळगुळीत आणि चिवट झाल्या, रंग किंचित हिरवट आला. सपाट लाकडी परातीत त्या घासाघासाच्या लडी करून मांडतात, अगदी सुताच्या लडीसारख्या वळवून. त्या परातीचंच नाव पदार्थाला. भाची सांगते, गार पाण्यातून काढलेली एक लडी उचलायची, सोया सॉसच्या पाण्यात बुडवायची आणि आवाज करत ओढायची. आवाज केला म्हणून कोणी नावं ठेवत नाही.

"आवाज करत? आमच्या ह्यांना पाठवून द्या," वहिनी म्हणाल्या.

*

भाताचं निघाल्यावर मात्र वहिनींनी पदर खोचला. छत्तीसगडच्या बाईसमोर तांदळाची बढाई मारायची म्हणजे हात दाखवून अवलक्षण. मी फक्त एवढंच म्हटलं की जपानात सगळ्यांत नावाजलेला तांदूळ उओनुमा मुलखातला कोशिहिकारी, आणि तोकामाची त्याच मुलखात येतं. 1956 मध्ये नोंदवलेलं वाण आहे. आखूड दाणा, चिकट, चकचकीत, नुसता खाल्ला तरी गोड. बर्फ वितळून जे पाणी डोंगरातून हळूहळू झिरपतं, त्यावर तो पिकतो. दिवसा गरम, रात्री गार.

"एक वाण?"

"हो, मुख्य तेच."

"आपल्या कृषी विद्यापीठात वीस हजारांवर आहेत. भातसंशोधक रिछारियांनी गावोगाव फिरून गोळा केलेली." वहिनींचे सासरे शेतीखात्यात होते, हा आकडा त्या घरात रामरक्षेसारखा म्हटला जातो. "आणि शिळ्या भाताचं काय करतात ते? बासी खातात का?"

ते मी विचारलेलं नाही. भाचीला आज विचारायचं ठरलंय. दुबराज, जवाफूल यांचा सुगंध काय असतो हे त्या लोकांना कोणी सांगावं, यावरही आमचं थोडं बोलणं झालं, ते इथं देत नाही. त्यात जपान नाही.

पण त्या शेतांची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. डोंगर उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं. होशितोगे म्हणून ठिकाण आहे, तिथं लहानमोठी दोनशे खाचरं एकाखाली एक. पहाटे त्यांत आभाळ दिसतं म्हणून लोक कॅमेरे घेऊन रात्रीपासून उभे राहतात. आणि कसणारे किती? म्हातारे, कंबरेत वाकलेले. पोरं टोकियोत. शिनानो नदी, जपानातली सर्वांत लांब, 367 किलोमीटर, या गावातून जाते. तिच्यावर रेल्वे कंपनीनं बंधारा बांधून वीज केली आणि त्या विजेवर टोकियोच्या लोकल धावतात. नदीत मात्र पाणी राहीना. मग कळलं की कंपनी ठरल्यापेक्षा जास्त पाणी उचलत होती. 2009 मध्ये सरकारनं परवाना काढून घेतला, पुढच्या वर्षी नव्या अटींवर दिला, तेव्हा कुठं नदीत पाणी सोडायला लागले.

"म्हणजे पोरंही टोकियोला आणि वीजही टोकियोला," वहिनी म्हणाल्या. कोरब्याचं नाव त्यांनी घेतलं नाही, मीही घेतलं नाही. आपली वीज कुठं कुठं जाते ते छत्तीसगडात सगळ्यांना माहीत आहे.

*

इथून पुढची गोष्ट मला स्वतःला जास्त आवडते. ऐंशी-नव्वदच्या दशकांत गाव रिकामं होत चाललं तेव्हा निगाताचाच एक माणूस, फ्राम कितागावा, कलाक्षेत्रातला, तो म्हणाला, चित्रकारांना बोलवा. खेड्यांतल्या म्हाताऱ्यांनी त्याला वेड्यात काढलं. आम्हाला रस्ता हवा, डॉक्टर हवा, आणि हा बाबा शिल्पं आणतोय! शेवटी 2000 मध्ये पहिला उत्सव झाला. दर तीन वर्षांनी भरतो. करोनात एकदा पुढं गेला, 2024 मध्ये नववा झाला. कुठल्या दालनात नाही हो, 760 चौरस किलोमीटरभर, शेतांत, ओसाड घरांत, बंद शाळांत.

इल्या आणि एमिलिया काबाकोव्ह, रशियातून अमेरिकेत गेलेलं चित्रकार जोडपं, त्यांनी एका उतारावरच्या खाचरांत नांगरणाऱ्या, लावणी करणाऱ्या माणसांच्या निळ्या-पिवळ्या आकृती उभ्या केल्या. खाचरं एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची. तो पडून जायबंदी झालेला, शेती सोडायच्या बेतात होता. आधी नाही म्हणाला. मग त्यांनी काढलेली चित्रं पाहिली, आपल्याच बापजाद्यांची मेहनत त्यात दिसली असावी, म्हणाला उभं करा. आणि मग चित्रांखालची शेती ओसाड कशी ठेवायची म्हणून आणखी काही वर्षं कसत राहिला. आता तिथं शहरातली माणसं पैसे भरून खाचर दत्तक घेतात, बदल्यात तांदूळ मिळतो. लावणीला हात कमी पडतात म्हणून 2015 मध्ये मुलींचा एक फुटबॉल संघच गावात वसवला. सकाळी चिखल, संध्याकाळी सराव.

"शाळांचं काय केलं म्हणालात?"

एका गावची शाळा 2005 मध्ये बंद पडली, तेव्हा पटावर तीनच मुलं होती. ताशिमा सेइझो नावाच्या बालपुस्तकांच्या चित्रकारानं शाळेची सगळी इमारतच चित्रांचं पुस्तक करून टाकली. वर्गावर्गातून नदीतली लाकडं आणि समुद्रातलं वाहून आलेलं सामान रंगवून केलेल्या आकृती टांगल्यात, भुतं आहेत, राक्षस आहे, आणि त्या गोष्टीतले नायक कोण, तर पटावरची तीच तीन मुलं. आणखी एका खेड्यात एक पडकं घर होतं. विद्यार्थ्यांनी पटाशी घेतली आणि अडीच वर्षं खपून आतलं सगळं कोरून काढलं. भिंती, तुळया, जमीन, जिना. हाताएवढी जागा सुटलेली नाही. आता पाहुणे पैसे देऊन त्यात रात्री झोपतात.

यावर वहिनी गप्प. त्यांची नजर भिंतीच्या डाव्या अंगाला गेली, तिथं एक वाडा आहे. मालकाचा एक मुलगा पुण्यात, एक बंगलोरला. म्हातारे गेल्यापासून दाराला कुलूप. गणपतीच्या आधी कोणीतरी येऊन झाडतं. मध्ये एक बिल्डर येऊन पावलांनी लांबी-रुंदी मोजून गेला, त्याला चहा कोणी दिला यावरून आळीत आठवडाभर चौकशी चालू होती. ब्राह्मणपाऱ्यात असे वाडे मोजायला बसलं तर दुसऱ्या हाताची बोटं लागतात. नवं बांधायचं तर लोक नवा रायपूरला बांधतात.

*

"आणि आपलं कोणी आहे का तिथं? भाची सोडून?"

आहे ना. म्हणून तर इतकी नमनं केली. तोकामाचीच्या एका टेकडीवर, अशाच एका बंद शाळेत, 1982 पासून आपलं एक संग्रहालय आहे. मिथिला म्युझियम. तोकियो हासेगावा नावाच्या माणसानं उभं केलं. मधुबनीची चित्रं, गोंडांची, आणि वारल्यांची. नुसती विकत आणून लावलेली नाहीत; चित्रकारांना बोलावलं, महिनोन्‌महिने ठेवून घेतलं आणि तिथं बसवून काढून घेतली. मधुबनीच्या गंगादेवी गेल्या होत्या. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे गेले होते.

म्हसे यांचं वहिनींना थोडं ठाऊक होतं, आनंद समाज वाचनालयातल्या कुठल्या दिवाळी अंकात वाचलेलं. लहानपणी आई गेली आणि पोरानं बोलणंच सोडलं, धुळीत बोटानं चित्रं काढून सांगायचा. 1976 चा राष्ट्रीय पुरस्कार, 2011 ची पद्मश्री, 2018 मध्ये वारले.

"वारल्यांची चित्रं मुळात बायका काढायच्या ना? लग्नाच्या चौकाची?"

"सवाष्णी काढायच्या. मधे पालघाट देवी. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूच्या काडीचं टोक चावून केलेला कुंचला."

"मग पद्मश्री बाप्याला कशी मिळाली?" आणि उत्तराची वाट न पाहता, "असू दे. चांगला काढत असणार. पुढं सांगा."

पुढं असं, की या सगळ्याच्या मुळाशी एक मराठी माणूस आहे, भास्कर कुलकर्णी. मुंबईचा चित्रकार. 1966-67 मध्ये बिहारात दुष्काळ पडला, तेव्हा हस्तकलांचं काम पाहणाऱ्या पुपुल जयकरांनी त्याला मधुबनीला धाडलं. बायका भिंतीवर चित्रं काढतात, त्यांना कागद दे, काढलेलं विकत घे, चार पैसे हातात पडतील. हा गृहस्थ कागदाची भेंडोळी घेऊन दारोदार फिरला. पुढं तोच ठाणे जिल्ह्यात वारल्यांच्या पाड्यांवर गेला आणि म्हसे यांच्या हाती कागद आला तो त्याच्यामुळे. दोन्हीकडची भिंतीवरची चित्रं कागदावर आली आणि कागद होता म्हणून ती निगाताच्या बर्फात जाऊन पोचली. रायपुरात काय, पुण्यातही दहा जणांना विचारा हा कुलकर्णी कोण. अकरावा पत्ता विचारेल.

इथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण गोंडांचं नाव काढलं होतं, आणि वहिनींच्या स्मरणशक्तीला फसवता येत नाही. "ते आपल्याकडचे गेले होते ना कोणी? पेपरात आलं होतं."

आपल्याकडचेच. पाटनगढ, दिंडोरी जिल्हा; आपली हद्द तिथून किती लांब! जनगढ सिंह श्याम. चित्रकार स्वामिनाथन यांनी 1981 मध्ये त्यांना हुडकलं, भोपाळला भारत भवनात नेलं. परधान गोंड, पिढीजात गाणारे. यांनी देवांना रूप दिलं, ठिपक्या-ठिपक्यांनी, रेघा-रेघांनी. आज गोंड चित्रं म्हणून जी कपांवर, चादरींवर दिसतात ती सगळी वाट त्यांनी पाडलेली. तोकामाचीत चित्रं काढायला गेले होते. 2001 च्या जुलैमध्ये त्या शाळेत त्यांनी जीव दिला. चाळिशीच्या आसपासचं वय. घरी परत यायचं आहे अशी पत्रं ते पाठवत होते, असं तेव्हा बातम्यांत आलं. दिल्ली-भोपाळच्या कलाकारांनी चौकशी मागितली, कलाकाराला मजुरासारखं का वागवता म्हणून बोलले.

"बर्फात एकटाच होता का?"

"जुलै होता, वहिनी. बर्फ नव्हता."

"मग तर आणखीच वाईट."

का ते त्यांनी सांगितलं नाही. थोड्या वेळानं विचारलं, "मुलंबाळं?"

आहेत. बायको नानकुसिया चित्रं काढते, मुलगा मयंक काढतो. मुलगीही काढते, भोपाळला असते, चांगली नावाजलेली आहे. 1988 मध्ये ती जन्मली तेव्हा बाप जपानच्या दौऱ्यावर, म्हणून तिचं नाव ठेवलं जापानी. जापानी श्याम.

वहिनींनी चाळणी उचलली, परत ठेवली. "ती नाव सांगत असेल तेव्हा लोक हसत असतील, आणि तिला प्रत्येक वेळी..." वाक्य पुरं केलं नाही. मग एकदम म्हणाल्या, "तुमच्या भाचीला सांगा, रोज घरी फोन करायचा म्हणावं. आणि कंटाळा आला तर उठून यायचं. तिकिटाचे पैसे जातात तर जाऊ देत."

मी म्हटलं, ती मजेत आहे, तोंडाला काळं फासून घेतेय.

"फोटोत सगळेच मजेत असतात."

दूधवाला येऊन गेला. वहिनींचे यजमान आतून दोनदा खाकरले, म्हणजे चहा हवा. वहिनी उठल्या, पदर झटकला, पण पाय निघेना. रथसप्तमीच्या आत आळीचं हळदीकुंकू उरकायचंय आणि यंदा कोणाच्या घरी, हे ठरत नव्हतं. एकीकडे जिना, एकीकडे कुत्रा, एकीकडे सून नको म्हणते.

"वाड्यात केलं तर?" वहिनी म्हणाल्या.

"त्या बंद वाड्यात?"

"ओसरी केवढी आहे. चाळीस बायका बसतील. भिंतीला सासूबाईंच्या गोधड्या लावू, त्यांच्या हातची एकेक टीप बघा. तुमच्याकडची ती तांदळाच्या पिठाची बाई आहे ना, दिवाळीत चौक काढते, तिला सांगू उंबऱ्यापासून विहिरीपर्यंत काढ म्हणून. पैसे द्यायचे हं तिला, नुसतं वाण नाही."

"मालकाला विचारायला हवं. पुण्याहून तो भाडं मागेल."

"भाडं? चार वर्षं त्याच्या तुळशीला पाणी कोण घालतंय?" वहिनींनी कनवटीला चाचपून पाहिलं. "किल्ली माझ्याकडेच आहे. तुम्ही फक्त कोळिष्टकं काढायला लांब झाडू आणा, आणि वीजवाल्याला गाठा. मीटर चालू आहे की कापलंय, ते आधी बघू."